परीक्षकाचा शेरा

भूगोलाच्या अभ्यासकांची आमची एक परिषद आहे. पुण्यातच तिचं दोन खोल्यांचं कार्यालय आहे आणि दरवर्षी ती उत्कृष्ट संशोधनासाठी एक पुरस्कार देते. त्याची बातमी आलीच तर आतल्या पानावर, चार ओळींत येते. पण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, कायम नोकरीसाठी मुलाखतीमागून मुलाखत देणाऱ्या माणसाला त्या चार ओळी फार मोलाच्या असतात. हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या पुरस्काराच्या निवड समितीवर मी बरीच वर्षं होते.

निवृत्तीनंतर माझ्याकडे मानाचं म्हणावं असं तेवढंच काम उरलं होतं. उन्हाळ्यात अर्ज घरी यायचे. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर प्रबंधांचे गठ्ठे पडायचे आणि नवरा म्हणायचा, "अगं, ताट कुठं ठेवू तेवढं तरी सांग." मी चष्म्यावरून बघायचे आणि एक गठ्ठा दोन इंच सरकवायचे. मला ते सगळं आवडायचं.

त्याहून जास्त आवडायचे ते माझेच शेरे. प्रत्येक अर्जदाराला परीक्षकांचे शेरे पाठवायची आमची पद्धत आहे, परीक्षकाचं नाव न कळवता; समितीवर कोण आहे हेही बाहेर सांगत नाहीत. बाकीचे लोक 'विषयाची मांडणी समाधानकारक' वगैरे लिहायचे. मी लिहायचे ते टोचणारं असायचं. बैठकीत मी ते वाचून दाखवायचे आणि सगळे हसायचे. विशेषतः ज्यांनी घरात बसून, उपग्रहाची चित्रं बघून भूगोल लिहिलाय असा मला संशय यायचा, त्यांना मी सोडत नसे. मी तरुण असताना मोजणीची साखळी आणि होकायंत्र घेऊन रानोमाळ हिंडले होते. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी "बायकांना क्षेत्रकार्य झेपत नाही" असं सांगितलं होतं, आणि ते खोटं ठरवण्यात माझी निम्मी उमेद गेली होती. त्यामुळे प्रत्यक्ष पायाखाली घातलेल्या जमिनीबद्दल बोलायचा हक्क आपल्यालाच आहे, असं मला वाटायला लागलं होतं.

त्या वर्षी एक अर्ज आला तो पुण्याच्या भाजीपाल्यावरचा होता. शहराला भाजी कुठून येत होती, ते मळे कसकसे मागे सरकत गेले, कुठल्या गावचा कोणता माल बंद झाला, असा विषय. लेखिका शहरातल्याच एका कॉलेजात शिकवणारी तिशीतली मुलगी. सुरुवातीलाच तिनं लिहिलं होतं की वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा होता आणि विषय तिथंच सुचला. पुढे सगळं मंडईबद्दल होतं. माल कोण आणतो, कोणत्या दिशेनं आणतो, जुने व्यापारी काय सांगतात. वाचायला छान होतं, पण मळे कुठे होते? नकाशे कुठे होते? जागोजागी 'तपशील खंड दोन' असं कंसात दिलेलं होतं. ते मी वाचलं. डोळ्यांनी वाचलं, एवढंच. खंड दोन माझ्यासमोर नव्हता आणि तो कुठाय असा प्रश्न मला पडला नाही. कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात शेरा तयार झाला होता, आणि तो मला फारच आवडला होता.

'भाजी मंडईतच पिकते, अशी लेखिकेची समजूत झालेली दिसते. क्षेत्रकार्य अपुरे.'

बैठकीत मी तो वाचला तेव्हा अध्यक्ष टेबलावर हात आपटून हसले. बाकीच्या दोघांनी माझ्या मताला मान दिला. त्यांनी तिचे दोन्ही खंड पाहिले होते की नाही, मला माहीत नाही. क्षेत्रकार्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असे. पुरस्कार दुसऱ्या कुणाला तरी गेला.

दिवाळीच्या आधी घर आवरताना नवरा स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान काढत होता. मी खाली उभी राहून एकेक वस्तू घेत होते.

"अगं, हे कुणाचं पार्सल? फोडलेलंसुद्धा नाही."

ते कुरिअरचं पाकीट होतं, जाड, चौकोनी. परिषदेच्या कार्यालयातून माझ्या नावानं आलेलं. मी सही करून घेतलेलं असणार. नियतकालिकांचे जुने अंक असतील असं समजून बाजूला टाकलेलं असणार, आणि पाहुणे यायच्या वेळी कुणीतरी ते वर टाकलं असणार. कोपऱ्यात अर्जदाराचं नाव होतं: भाजीपाल्यावर लिहिणारी तीच मुलगी.

"काय आहे?" नवऱ्यानं वरून विचारलं.

"काही नाही. जुने अंक."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्याशी फार वेळा खोटं बोललेले नाही. तो दुपारी झोपल्यावर मी पाकीट फोडलं. आत दुसरा खंड होता. नुसते नकाशे आणि तक्ते. गावोगावची शिवारं तिनं तुकड्यातुकड्यानं काढली होती. कुठे मेथी, कुठे कोथिंबीर, कुठे चुका-अंबाडी, कुठे ऊस, आणि ते कधी गेलं, त्या जागी काय आलं. सगळं हातानं काढून मग स्वच्छ छापलेलं. प्रत्येक तुकड्यावर ती कोणत्या दिवशी गेली आणि कुणाशी बोलली याची नोंद. मी वारज्याचं पान उघडलं. आमची सोसायटी जिथे उभी आहे तो तुकडा मला ओळखता आला. त्यावर लिहिलं होतं: 'वांगी. नंतर काही वर्षं पडीक. आता इमारत.' ही मुलगी माझ्या घराच्या दारापर्यंत येऊन गेली होती, आणि मी तिला मंडईबाहेरचं जग माहीत नाही असं लिहून पाठवलं होतं.

त्या दिवशी मी अध्यक्षांना फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. मग वाटलं, दिवाळी होऊन जाऊ दे. दिवाळी झाली. मग वाटलं, पुरस्कार तर देऊन झालाय, आता तो परत कसा घेणार? ज्याला मिळाला त्याचं मन उगीच दुखवायचं. असं एकेक कारण मिळत गेलं. खंड मी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, खालच्या बंद कप्प्यात ठेवला.

दोन-तीन आठवड्यांनी तिचाच फोन आला. मार्गदर्शनासाठी कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. ती घरी आली. सडपातळ, नीट बोलणारी, शब्दाशब्दावर थांबणारी. कपाटाला पाठ करून बसली. पर्समधून शेऱ्याचा कागद काढून तिनं माझ्या हातात दिला. माझंच वाक्य मी तिच्यासमोर वाचलं.

"मॅडम, क्षेत्रकार्य म्हटलं की सगळे तुमचं नाव घेतात," ती म्हणाली. "मी प्रत्येक शिवारात गेले होते. पण परीक्षकांना ते दिसलं नाही म्हणजे माझ्याच कामात काहीतरी खोट असणार. नकाशे खंड दोनमध्ये होते. तेही कमी पडले असतील ना?"

आता सांग, असं मी स्वतःला म्हटलं. अगदी शब्द जुळवले. आणि तोंडातून आलं ते असं:

"शक्य आहे."

मग मी तिला मार्गदर्शन केलं. होय, केलं. पुन्हा जा म्हटलं. प्रत्येक तुकडा पुन्हा बघ, आता त्यात काय आहे ते लिही, एका वर्षातला बदल दाखव. ती भराभर टिपून घेत होती. जाताना म्हणाली, "तुम्ही वेळ दिलात, मॅडम. मला तर वाटत होतं सोडूनच द्यावं." मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडून उभी राहिले.

ती खरंच पुन्हा गेली. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, वर्षभर. दर महिन्याला फोन करून सांगायची. एकदा मी तिच्याबरोबर मांजरी गावच्या शिवारात गेले. मला वाटत होतं की मदत केली की आतलं टोचणं कमी होईल. तिचे वडील आले होते. गाळा सोडून त्यांना काही वर्षं झाली होती, गुडघे दुखायचे, पण मांजरीकडच्या जुन्या बागायतदारांना ते चेहऱ्यानं ओळखत होते आणि त्यांच्याशिवाय तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी, बांधावरून जपून चालत होते.

उसाच्या फडापलीकडे नव्या इमारतींच्या कुंपणाचे पत्रे उभे राहिले होते. एक म्हातारा शेतकरी त्यांना बघून लांबूनच ओरडला, "आवो, तुमी हाय का अजून? मला वाटलं इसरला आमाला."

"विसरीन कसा? तुमची कोथिंबीर गाळ्यावर टिकायची नाही, लोक हातातून ओढून न्यायचे."

"आता कुठली कोथमीर. त्यो पत्रा दिसतोय न्हवं, तितवर हाय माझं. पल्याडचं पोरांनी देऊन टाकलं."

"मागच्या वर्षी तर होती हो तिथे," मुलगी वही उघडून म्हणाली. "मी लिहून घेतली होती."

"व्हती. मागल्या सालापातूर व्हती."

ती खाली बसून नोंद करायला लागली. तिचे वडील काठीवर भार देऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

"मॅडम, एक विचारू? हे परीक्षक लोक कसे असतात हो?" त्यांचं मराठी माझ्याइतकंच पेठेतलं होतं. "आमच्या वडिलांपासून मंडईत गाळा. भाजी कुठं पिकते ते आम्हाला ठाऊक नाही म्हणतात. बरं आहे. या वयात त्यांनी मला परत एकदा अख्खं पुणं पायी दाखवलं. भेटले तर आभार मानीन म्हणतो."

मी हसले. अगदी आवाज करून हसले. त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण तेही हसले.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा अर्ज आला तेव्हा मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण सांगून समितीच्या कामातून त्या वर्षापुरती बाजूला झाले. ऑपरेशन तसं लांबवता येण्यासारखं होतं. पुरस्कार तिला मिळाला. एकमतानं, असं अध्यक्षांनी मला फोनवर सांगितलं.

समारंभाला मला ज्येष्ठ सदस्य म्हणून व्यासपीठावर बसवलं होतं. तिचे वडील पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शेरवानीत. मानपत्र झालं, शाल झाली. मग ती बोलायला उभी राहिली. सुरुवातीला वडिलांचे आभार मानले. मग म्हणाली, "आणि ज्यांचं नाव मला माहीत नाही, त्या परीक्षकांचे आभार. त्यांनी मागच्या वर्षी मला लिहिलं होतं." तिनं तो शेरा पाठ म्हणून दाखवला. सभागृहात हशा पिकला. "वाचून मी खूप रडले. पण त्या परीक्षकांनी तसं लिहिलं नसतं, तर मी पुन्हा गेले नसते. त्यांनी माझं काम माझ्याहून बारकाईनं वाचलं होतं."

बारकाईनं. मांडीवर ठेवलेली कार्यक्रमपत्रिका मी कधी चुरगळून टाकली ते मला कळलं नाही.

चहाच्या वेळी मी निघायच्या बेतात होते. अध्यक्षांनी मला हाताला धरून तिच्यासमोर नेलं. "अहो, तुमचे ते परीक्षक कोण, माहितीये का? याच, आमच्या मॅडम. असा शेरा पुण्यात दुसरं कोण लिहिणार?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तिचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात तिनं घट्ट धरले. "मॅडम! आणि तुम्ही एकदाही बोलला नाहीत. वर्षभर शिकवत राहिलात."

"मांजरीत मी काय काय बोललो," तिचे वडील कपाळावर हात मारून म्हणाले. "माफ करा हं, मॅडम. म्हातारा माणूस."

आजूबाजूचे लोक जमले. कुणीतरी म्हणालं, गुरू असावा तर असा. मी काय केलं? मी "छे, छे, काहीतरीच काय," म्हटलं. ते विनयाचे शब्द आहेत, असंच सगळ्यांनी घेतलं. खोटं न बोलतासुद्धा मी त्या दिवशी सगळ्यांत मोठं खोटं बोलले.

त्यानंतर चार दिवस मी नवऱ्याशी नीट बोलले नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते जुने अंक म्हणालीस, ते हेच का?" मग म्हणाला, "मी येऊ बरोबर?" मी नको म्हटलं.

त्यांचं घर मंडईजवळच्याच एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. अचानक आले म्हणून तिची धांदल उडाली. वडील खुर्चीतून उठायला लागले, त्यांना मी बसवलं. पिशवीतून खंड काढून टेबलावर ठेवला, कुरिअरच्या फाडलेल्या पाकिटासकट.

"हा तुझा दुसरा खंड. शेरा लिहिला तेव्हा मी तो वाचलाच नव्हता. पार्सल उघडलंच नव्हतं."

तिला आधी कळलं नाही. "मग नंतर वाचलात?"

"दिवाळीची आवराआवर करताना सापडला. तू माझ्याकडे आलीस, त्याच्या आधी."

तिनं पाकीट उचललं, त्यावरची तारीख पाहिली, परत ठेवलं. "मी आले तेव्हा हा तुमच्या घरात होता?"

"तुझ्या पाठीमागच्या कपाटात."

खालून स्कूटरचे हॉर्न ऐकू येत होते. शेवटी तिचे वडील म्हणाले, "मग मांजरीला तुम्ही आमच्याबरोबर का आलात?" त्यात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मला बरं वाटावं म्हणून आले होते, असं त्या गुडघ्यांकडे बघून कसं म्हणणार?

"तेव्हाच सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, ठाऊक आहे?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हसले असते, मॅडम. पार्सल राहिलं, होतं असं. घरी येऊन अब्बांना सांगितलं असतं आणि आम्ही दोघं हसलो असतो. त्या वर्षात माझ्या दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे शेऱ्याबद्दल विचारलं. आपलं वर्तुळ लहान आहे, वाक्य सगळीकडे पोचलं होतं. मी त्यांना सांगितलं, हो, माझं क्षेत्रकार्य कमी पडलं. मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

मी माफी मागितली. त्या शब्दाचं वजन किती कमी असतं ते त्या खोलीत मला समजलं.

"माझं भाषण परिषदेच्या अंकात छापून येणार आहे," ती म्हणाली. "त्यातला तुमच्या आभाराचा भाग मी काढून टाकणार. तो का काढला, ते तुम्ही लिहा."

मी घरी येऊन पत्र लिहिलं. त्यात दोन गोष्टी होत्या: खंड न वाचता शेरा लिहिला, आणि कळल्यावर वर्षभर लपवलं. समितीचा राजीनामाही दिला. अध्यक्षांचा लगेच फोन आला. "अहो मॅडम, पुरस्कार मिळाला ना तिला? मग आता हे कशाला उकरून काढता? परिषदेच्या कामावर लोक बोट ठेवतील." मी म्हटलं, छापा. अंक आला तेव्हा पत्राच्या चार ओळी उरल्या होत्या. 'अनवधानाने दुसरा खंड वाचनातून राहून गेला' एवढंच. लपवल्याचं कुठेच नव्हतं. मी एकदा फोन करून तक्रार केली. दुसऱ्यांदा केली नाही. अनवधान हा शब्द वाचताना, खरं सांगते, मला थोडं हायसंच वाटलं होतं. म्हणून राहिलेलं इथे लिहिते आहे.

तिला पुढे कायम नोकरी मिळाली, शहराबाहेरच्या एका कॉलेजात. पुण्यातच राहून जाऊन-येऊन करते. परिषदेच्या कार्यक्रमात भेटली की "नमस्कार, मॅडम" म्हणते आणि पुढे जाते. वडिलांनी मात्र एकदा थांबून डोळ्यांची चौकशी केली.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती घरी आली. आधी फोन करून, वेळ ठरवून. माझ्या जागी निवड समितीवर तिची नेमणूक झाली होती आणि जुन्या अर्जांच्या फायली माझ्याकडे होत्या. नवऱ्यानं चहा केला. ती चहा प्यायली, त्याच्याशी दोन शब्द बोलली. मी फायली वर्षांप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. तिनं त्या एकेक उघडून पाहिल्या. प्रत्येकीत वरच माझे शेरे होते, माझ्या अक्षरात. काही वाक्यांवर तिची नजर थांबत होती. ती हसली नाही.

"मॅडम, एक विचारायचं होतं," शेवटची फाईल मिटून ती म्हणाली. "यांचं तरी सगळं वाचलं होतं का तुम्ही?"

मी फायलींकडे पाहिलं. एकेका नावाशी चेहरा जुळवायचा प्रयत्न केला. शेरे मला जवळजवळ सगळे आठवत होते. प्रबंध आठवत नव्हते.

"सांगता येणार नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, फायली दोन पिशव्यांत भरल्या. जड होत्या. मी एक पिशवी उचलायला पुढे झाले, पण ती "असू दे, मॅडम, मी नेते," म्हणाली आणि दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेली.